लॉनखालची हुमणी

लॉन लावायचं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. लातुरात राहणाऱ्या माणसाच्या मनात ते सहसा येतही नाही. आमच्या कॉलनीत नळाला पाणी कधी आठवड्याने येतं, कधी दहा दिवसांनी. उन्हाळ्यात टँकरचा आवाज आला की बाया हातातलं काम टाकून गेटवर येतात. अशा गावात अंगणातल्या गवताला पाणी घालायचं म्हणजे मान खाली घालूनच घालावं लागतं.

त्यात मी उमरीकडच्या एका शेतमजुराची मुलगी. लहानपणी नांगरामागे फिरून हरळीच्या काशा वेचायचं काम मी किती वर्षं केलंय. काळ्या मातीतून त्या पांढऱ्या, गाठीगाठीच्या मुळ्या ओढून काढायच्या, बांधावर ढीग घालायचा, वाळल्या की पेटवायच्या. एक काशी जरी मागे राहिली तर पुढच्या पावसात रान पुन्हा हरळीने भरायचं. तीच हरळी, जरा बारीक पानाची, चौकोनी तुकडे करून टेम्पोतून माझ्या दारात उतरली. आई असती तर हसून हसून बेजार झाली असती.

लॉन आलं ते ह्यांच्यासाठी. ह्यांच्यासाठी म्हणजे माझ्या पतीसाठी. हे कृषी खात्यात होते. गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पिकांवरच्या किडी ओळखायला शिकवणं, औषध कधी मारायचं आणि कधी नाही ते सांगणं, यात ह्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात, सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून रेझर पडला. मी शाळेत जायच्या गडबडीत होते. "काय पाडलंत?" मी स्वयंपाकघरातून ओरडले. उत्तर आलं नाही. बाहेर येऊन बघितलं तर हे बेसिनला धरून उभे, तोंड एका बाजूला ओढलेलं, अर्ध्या गालावर फेस तसाच.

अठरा दिवस दवाखान्यात काढून घरी आलो तेव्हा उजवा हात लोंबकळत होता, उजवा पाय ओढत होता आणि शब्द गेले होते. कळत सगळं होतं. बातम्या कळत होत्या, माझा चेहरा उतरला की तेही कळत होतं. पण बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर यायचा. उद्या.

"चहा घेणार?"

"उद्या."

"पाय दुखतोय का?"

"उद्या."

नांदेडला आमची मुलगी असते, नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "आई, पप्पांना दे ना." मी फोन ह्यांच्या कानाला लावला. हे खूप वेळ तिचं ऐकत राहिले, मग तीन-चार वेळा "उद्या, उद्या" म्हणाले. तिकडून फोन कट झाला. ती रडत असणार.

नवल म्हणजे सकाळची वंदना ह्यांना येत होती. आम्ही दोघं रोज बुद्धमूर्तीपुढे बसून त्रिसरण-पंचशील म्हणतो. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी एकटीच म्हणायला लागले आणि शेजारून ह्यांचा आवाज आला. सगळं, शेवटपर्यंत, एकही अक्षर न अडखळता. मी म्हटलं, "अहो, येतंय की बोलता!" हे माझ्याकडे बघून आनंदाने म्हणाले, "उद्या." पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं, असं नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला ते नीटसं समजलं नाही. समजून घ्यायला लागतं तेवढं त्राणही तेव्हा नव्हतं.

व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची. तीच म्हणाली की साहेबांना रोज सकाळी अनवाणी चालवा, फरशीवर नको, मऊ आणि जराशा उंचसखल जमिनीवर. पाय सरळ पडायला शिकेल आणि पडलेच तरी लागणार नाही. आमच्या मुलीने हे ऐकलं, शनिवारी नांदेडहून आली आणि सोमवारी परत जायच्या आत लॉनचं ठरवून मोकळी झाली. मला शाळा होती, घर होतं, ह्यांचं सगळं अंगावर होतं. हो म्हणायलाही बळ नव्हतं आणि नाही म्हणायलाही.

लॉन लावायला एक वयस्कर माळी आला. त्याने आधी अंगण खणलं, खडे वेचले आणि पोत्यांतून शेणखत आणून ओतलं. हे वरांड्यात खुर्चीवर बसून बघत होते. एकाएकी काठी टेकत उठले, ढिगाजवळ गेले, डावा हात मनगटापर्यंत आत घातला, नाकाशी नेला आणि मान जोरजोरात हलवायला लागले. "उद्या! उद्या!"

"साहेबाला वास सहन व्हईना," माळी म्हणाला. मलाही तसंच वाटलं. मी हात धुवायला ह्यांना आत नेलं. खत कच्चं होतं, आतून अजून गरम होतं. ते न कुजलेलं खत टाकू नका असं हे सांगत होते, हे मला कळायला सहा महिने लागले.

तो उन्हाळा आम्ही आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यावर काढला. मी बादल्या भरून ठेवायची आणि शाळेतून आल्यावर डबड्याने गवतावर शिंपडायची. समोरच्या घरातल्या बाई गॅलरीतून बघायच्या. बोलायच्या काही नाहीत, पण बघायच्या. एकदा मीच वर तोंड करून म्हटलं, "आंघोळीचं आहे हो पाणी." त्या म्हणाल्या, "मी कुठं काय म्हणले?"

पण ह्यांना खरंच फरक पडला. कंपाउंडच्या भिंतीला एक हात लावून हे रोज भिंतीपासून गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. आधी मी दंड धरून चालायची, मग नुसती मागे चालायची, मग वरांड्यात बसून वह्या तपासत लक्ष ठेवायची. गवतावर पाय टेकताना ह्यांचा चेहरा जरा सैल पडायचा. दिवसातला तेवढा अर्धा तास मला बरा वाटायचा.

ऑगस्टमध्ये गवत पिवळं पडायला लागलं. आधी ताटलीएवढा एक डाग दिसला, गेटजवळ. आठवड्यात तो परातीएवढा झाला आणि भिंतीकडे आणखी दोन निघाले. मला वाटलं पाणी कमी पडतंय. पण पाऊस तर चालूच होता, माती ओली होती आणि ओल्या मातीत गवत वाळत होतं. हे कोडं मी सोडवायलाच बसले नाही. माळ्याला फोन केला. तो आला, बुटाने गवत जरा चाळवलं आणि म्हणाला, "युरिया टाकू, मॅडम. भूक लागली हाय त्याला." युरिया टाकल्यावर जिथं हिरवं उरलं होतं तिथलीही टोकं करपली.

सकाळी साळुंक्या यायला लागल्या. चार-पाच जणी त्या पिवळ्या जागीच उतरायच्या आणि चोचीने खणत बसायच्या. कावळेही यायचे. मग एके दिवशी मी दूध घ्यायला गेले आणि गेट उघडं राहिलं. परत येऊन बघते तर दोन डुकरं आत. नाकाने त्यांनी एक कोपरा असा उलथून टाकला होता, जणू नांगर फिरवला. मी काठी घेऊन डुकरांना हाकललं, त्यांना शिव्या दिल्या, उलथलेलं गवत पायाने दाबून बसवलं. ही सगळी जनावरं तिथं काय शोधत असतील, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही. आणि मी शेतमजुराची मुलगी.

ह्यांना मात्र सगळं दिसत होतं. त्याच दिवसांत हे मला डाव्या हाताचं बोट वाकवून दाखवायला लागले. तर्जनी दोन पेरांत वाकवायची, माझ्यापुढे धरायची आणि गवताकडे बघायचं. मला वाटलं कपाचा कान. मी चहा आणला. हे मान हलवत राहिले. मला वाटलं काठीची मूठ. काठी आणून दिली. ती ह्यांनी बाजूला ठेवली आणि पुन्हा बोट. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी माझी शाळेत तपासणी होती, पाय दुखत होते, घरी येऊन कणीक मळायला घेतली आणि हे दारात येऊन बोट वाकवून उभे राहिले.

"मला नाही कळत हो!" मी ओरडले. "काय पाहिजे ते नाही कळत मला! मी काय काय बघू?"

ह्यांनी बोट खाली घेतलं आणि हळूहळू चालत खुर्चीकडे गेले. रात्री जेवताना दोघंही खाली बघून जेवलो. त्यानंतर आठवडाभर ह्यांनी मला बोट दाखवलं नाही.

तो आठवडा संपायच्या आत माळी पुन्हा येऊन गेला. मी शाळेत होते. त्याने आपल्या मनानेच कुठलं तरी दाणेदार विष आणून सगळ्या लॉनवर फेकलं होतं. मी आले तेव्हा वास पसरला होता, उग्र, डोक्यात जाणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीजवळ दोन साळुंक्या मरून पडलेल्या. एकीचे पाय वर, दुसरी कुशीवर, पिवळी चोच अर्धी उघडी.

हे चालायला म्हणून अनवाणी बाहेर आले होते. पायरीवर थांबले. साळुंक्यांकडे बघितलं आणि तसेच पायरीवर खाली बसले. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आजारपणानंतर हे कशावरूनही रडायचे, जाहिरात बघूनही रडायचे, पण हे तसं रडणं नव्हतं. मी पक्षी कागदात गुंडाळून नेले, हात तीनदा धुतले आणि माळ्याला फोन केला.

"मला न विचारता विष कसं टाकलंत? माणूस अनवाणी चालतो तिथं!"

"मॅडम, सगळेच टाकून राहिले. कीड हाय तर औषध लागंलच ना."

"कुठली कीड?"

"आता ते कसं सांगावं? जमिनीत असंल काहीतरी."

मी फोन ठेवला. त्यानंतर त्या माळ्याला बोलावलं नाही. ह्यांचं चालणं बंद झालं. पंधरा दिवस मी ह्यांना गवतावर जाऊ दिलं नाही आणि नंतर जा म्हटलं तरी हे जाईनात. पाय पुन्हा ओढायला लागला. व्यायाम घेणाऱ्या मुलीने वहीत लिहिताना ओठ मुडपले. गवताचे डाग मात्र वाढतच होते. मला वाटलं, राहू दे आता. वाळू दे सगळं. एक काम कमी होईल.

मग एका रविवारी शिरूर अनंतपाळहून एक शेतकरी ह्यांना बघायला आले. पन्नाशीचे असतील. ऊस आणि सोयाबीन करतात. ह्यांच्याशी त्यांची ओळख नोकरीतली, वीस-एक वर्षांची. पिशवीत ओल्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. आत येताच त्यांनी ह्यांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला.

"काय करायलाव साहेब? बरं हाय का?"

"उद्या," हे म्हणाले आणि ह्यांचं तोंड हसरं झालं.

मी त्यांना हळूच सांगितलं की बोलता येत नाही, एवढाच शब्द येतो. ते म्हणाले, "हाव, कळालं मला. काही हरकत न्हाई." आणि खाली सतरंजीवर बसून ह्यांना गावातलं सांगायला लागले. पाऊस कसा झाला, कुणाचा ऊस कसा आहे. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा हे खुर्चीतून पुढं वाकले होते आणि त्यांच्यापुढे बोट वाकवून धरलं होतं.

मी म्हटलं, "तेच चाललंय महिनाभर. काय पाहिजे कळतच नाही."

ते शेतकरी ह्यांच्या बोटाकडे बघत म्हणाले, "अहो वहिनी, हुमणी हाय ती. साहेब मीटिंगला असंच बोट दावायचे. अळी अशी आकड्यावानी वाकडी असती म्हणून."

मग ते ह्यांच्याकडे वळले. "कुठं हाय साहेब? तुमच्या गवतात?"

हे उठले. काठी न घेता उठले. मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवून मागे धावले. हे पायरी उतरून गवतावर गेले, गेटजवळच्या पिवळ्या डागाच्या कडेला खाली बसले आणि डाव्या हाताने गवताची मूठ धरून वर ओढली. गवत आलं. नुसतं पातं नाही, सगळा थर, अंथरलेली सतरंजी उचलावी तसा. खाली मुळं राहिलीच नव्हती. मोकळ्या, भुसभुशीत मातीत पांढऱ्या जाड अळ्या वाकड्या होऊन पडल्या होत्या, करंगळीएवढ्या, पिवळसर लाल डोक्याच्या. उजेड लागला तशा त्या आणखी आक्रसल्या.

मला शिसारी आली. आणि त्याच वेळी ते बोट आठवलं, चहाचा कप आठवला, मी ओरडले होते ते आठवलं.

हे तेवढ्यावर थांबले नाहीत. एक अळी चिमटीत धरून वरांड्याजवळ आणली, फरशीवर ठेवली आणि वाकून बघत बसले. ते शेतकरीही शेजारी उकिडवे बसले. मी विचारलं, "हे काय करताय?"

"खात्री करून घ्यायलेत," ते म्हणाले. "शेणखतात बी असलीच दिसणारी अळी असती, पर ती गरीब, मुळाला लागत न्हाई. ती खाली ठिवली की पाठीवर पडून सरकत जाती. आन हुमणी अशी कुशीवर आकडा करून पडून ऱ्हाती. साहेबांनीच शिकिवलंय आमाला."

अळी कुशीवरच पडून राहिली. आम्ही तिघं एका अळीकडे बघत किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. मग हे घसा खाकरून, ओठांची बरीच ओढाताण करून म्हणाले, "हु... हुमणी."

शेतकऱ्याने ह्यांच्या पाठीवर थाप मारली. नऊ महिन्यांत "उद्या" सोडून पहिला शब्द आला होता. मुलीला फोन केला तर ती तिकडे ओरडलीच, ऑफिसातल्या सगळ्यांना सांगते म्हणाली. मीही हसले. पण खरं सांगायचं तर रात्री भांडी घासताना मला वाईट वाटत होतं. नऊ महिने अंगाला हात लावून उठवलं, न्हाऊ घातलं, भरवलं, आणि शब्द आला तो एका अळीचा. माझं नाव त्यानंतर सात महिन्यांनी आलं. त्याआधी मीठ आलं, चष्मा आला, पाऊस आला.

त्या शेतकऱ्यांनी जाताना सगळं समजावून सांगितलं. हुमणी कच्च्या शेणखतातून येते, हेही मला तेव्हाच कळलं. हातभर लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापायचा, गवत उलटं करून बघायचं. एखाद-दुसरी अळी असली तर गवत सोसतं, तिथं काही करायचं नाही. जास्त असल्या तर वेचायच्या. "विष टाकू नका. आता अळी मोठी झाली हाय, ती मरायची न्हाई, तुमची पाखरं तेवढी मरतील," ते म्हणाले. मी त्यांना साळुंक्यांचं सांगितलं नाही.

मग रोज शाळेतून आल्यावर मी साडी बदलायची, खुरपं घ्यायची आणि दिवस मावळेपर्यंत अळ्या वेचायची. शेजारी पाटावर हे. मी थर उचलून धरायची, हे डाव्या हाताने अळ्या वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे, मी थर परत बसवून पाण्याने दाबायची. वीतभर वीतभर करत आम्ही सगळं अंगण पालथं घातलं. माझी कंबर धरायची. सकाळी शाळेत फळ्यापर्यंत हात न्यायला त्रास व्हायचा. व्यायाम घेणारी मुलगी मात्र खूष होती. तिने ह्यांना सांगितलं की काका, दर दहा अळ्यांमागे एक उजव्या हाताने उचलायची. हे तासन् तास त्या एका अळीमागे लागायचे. बोटं जुळायची नाहीत, अळी निसटायची, हे पुन्हा हात न्यायचे.

एक गोष्ट मला बोचत होती. रोज सकाळी पंचशीलात पहिलंच वचन घ्यायचं की जीव मारणार नाही, आणि संध्याकाळी बादली भरायची. पूर्वी ह्यांच्या आईने एकदा ह्यांना याच कारणावरून टोकलं होतं, हे नोकरीला नवीन लागले तेव्हा. हे तिला म्हणाले होते, "आई, मी लोकांना औषध कमी मारायला शिकवतो. कुठली अळी मारायची नाही हे ओळखलं की निम्म्या वाचतात." तेव्हा मला ते बोलणं चलाखीचं वाटलं होतं. आता खतातली अळी निघाली की हे ती बादलीत न टाकता फरशीवर ठेवायचे, पाठीवर सरकायला लागली की उचलून कुंडीत सोडायचे. बादलीतल्या अळ्यांचं ओझं त्याने कमी होत नव्हतं. पण मी बघायची आणि पुढचा थर उचलायची.

वेचून सगळ्या निघत नाहीत. खोल गेलेल्या राहतातच. ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका माणसाने बुरशीची पावडर आणून दिली. चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून, संध्याकाळी, ओल्या मातीवर पसरायची. ती अळीला रोग लावते, माणसाला आणि पाखराला काही करत नाही. त्याने बजावलं, "वहिनी, याला वेळ लागतो. आज टाकलं आणि उद्या मेल्या असं नाही." मी म्हटलं, वेळ लागणाऱ्या गोष्टींची आता सवय आहे. तीन आठवड्यांनी ह्यांनी खुरप्याने माती उकरून मला एक अळी दाखवली. ती खडूसारखी कडक झाली होती आणि तिच्यावर हिरवट भुकटी धरली होती. ह्यांना केवढा आनंद झाला होता.

थंडीत गवत निम्मं भरलं. निम्मं भरलंच नाही. मला वाटलं होतं एकदा कीड ओळखली, काढली, की झालं. ते तसं नसतं. पुढच्या वर्षी मे संपता संपता वळवाचा एक पाऊस झाला आणि दोन दिवसांनी दिवेलागणीला गेटबाहेरच्या कडुनिंबावर तपकिरी भुंगेरे घोंगावायला लागले. हे भुंगेरेच जमिनीत अंडी घालतात आणि त्यातून हुमणी निघते. मग खाली जुनी चादर अंथरायची, बांबूने फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे बादलीत टाकायचे. समोरच्या बाई गॅलरीतून बघत होत्या. तिसऱ्या संध्याकाळी त्या स्वतःची बादली घेऊन खाली आल्या. "मला पण सांगा काय करायचं," म्हणाल्या. "कुंड्यातली रोपं माझी पण अशीच गेली." त्या वर्षी हुमणी कमी झाली. पण उन्हाळ्यात कोरड्या कडेला वाळवीने मातीची पापुद्री धरली होती, आणि पावसाळा संपताना हिरव्या अळ्यांनी दोन दिवसांत एक पट्टा खाऊन बोडका केला. एक संपलं की दुसरं.

तिसऱ्या वर्षी मी निवृत्त झाले आणि पुढचं अर्धं लॉन काढून टाकलं. फरशी बसवून घेतली. मुलीला आवडलं नाही. मी तिला म्हटलं, "तू इथं येऊन वेच." ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं." भिंतीलगतचा पट्टा तेवढा ठेवला, ह्यांच्या चालण्यापुरता. हे आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात. चाळीस-पन्नास शब्द आहेत. वाक्य होत नाही. उजव्या हाताने पेला धरता येतो, भरलेला नाही.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतून एक तरुण जोडपं आलं. दोघंही शिक्षक आहेत, नवीन घर बांधलंय. सून म्हणावी एवढ्या वयाची ती मुलगी म्हणाली, "काकू, आमचं लॉन वाळायलंय. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून सांगितलं कुणीतरी." मला हसू आलं नाही. कोण म्हणालं असेल याचा विचार करत मी चप्पल घातली. हे नुकतेच डोळे मिटून पडले होते.

त्यांच्या अंगणात मी खाली बसले आणि वाळलेल्या डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढलं. निघालं नाही. मुळं घट्ट होती. म्हणजे हुमणी नव्हे. पात्यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. मी तिला बादलीभर पाण्यात दोन चमचे कपडे धुवायची पावडर कालवून आणायला सांगितली, ते पाणी हातभर जागेवर ओतलं आणि म्हटलं, दहा मिनिटं थांबा. आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो. पाच-सात मिनिटांनी गवतातून हिरवट, अंगावर पट्टे असलेल्या अळ्या वर यायला लागल्या. ती मुलगी मागे सरकली. तिचा नवरा मोबाईलवर फोटो काढायला लागला.

"विष आणू नका," मी म्हटलं. "संध्याकाळी वेचा. उरतील त्यांच्यावर निंबोळी अर्क मारा. पाखरं आली तर हाकलू नका."

"मग जातील ना काकू?"

"या जातील," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी परत बघावं लागंल."

तिचा चेहरा पडला. मी आणखी काही सांगणार होते, पण तिला शाळेला उशीर होत होता. उठताना तिने मला हात दिला. घरी आले तेव्हा हे माझ्यासाठी जेवायचे थांबले होते. मी दोघांची ताटं वाढली आणि खाली बसायच्या ऐवजी खुर्ची ओढून घेतली. गुडघे आता दिवसातून एकदाच दुमडतात, आणि आजचं ते झालं होतं.